पांढऱ्या फुलांचा बडलेजा: झाड माणसाएवढं उंच, तुरे मात्र मोजके

तुमच्या प्रश्नातून आणि फोटोतून मला जे समजलं ते आधी मांडते. पांढऱ्या फुलांच्या बडलेजाचं, म्हणजे बटरफ्लाय बुशचं रोप दोन वर्षांपूर्वी आणलंत आणि भिंतीलगतच्या वाफ्यात लावलंत. तिथे सकाळी सुमारे तीन तास ऊन येतं. दर महिन्याला खत घालता. गेल्या वर्षी फुलं संपल्यावर झाड निम्म्यावर छाटलंत. आता झाड माणसाएवढं झालंय, पानं भरपूर आहेत, पण तुरे चार-पाचच, तेही अगदी शेंड्याला, आणि आलेला तुरा आठवड्याभरात तपकिरी पडतो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: फुलांसाठी कोणतं खत घालू, आणि जमवलेल्या बियांपासून पांढऱ्याच फुलांची रोपं येतील का?

खताचं आधी सांगते, कारण ते उत्तर छोटं आहे. कोणतंच घालू नका. तुमच्या झाडाला खाणं कमी पडलेलं नाही, उलट जास्त झालंय. खरी अडचण तीन गोष्टींनी मिळून झाली आहे: ऊन कमी, नत्र जास्त आणि छाटणी चुकीच्या जागी. यातली एकच सुधारली तर थोडाच फरक पडेल. तुरा तपकिरी पडण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यातला बराच भाग या झाडाचा स्वभाव आहे, रोग नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच तपासावी लागेल, कारण छाटणीची वेळ पूर्णपणे तिच्यावर अवलंबून आहे. ‘पांढरा बडलेजा’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात.

पहिली बडलेजा डेव्हिडी, मूळची चीनमधली. बागेतल्या बहुतेक नाव असलेल्या वाणांचं मूळ हीच. ‘व्हाइट प्रोफ्युजन’, ‘पीस’, ‘नान्हो व्हाइट’ हे तिचे पांढरे वाण. पानं समोरासमोर, लांबट, काठाला बारीक दाते, मागची बाजू पांढुरकी आणि मखमली. तुरा जाड, गच्च, वर निमुळता. एकच बारीक फूल हातात घेऊन जवळून पाहा: पाकळ्या पांढऱ्या असल्या तरी मधल्या नळीच्या तोंडाशी पिवळा-केशरी ठिपका दिसतो. फुलं उन्हाळ्यापासून पुढे थंडीच्या तोंडापर्यंत येतात.

दुसरी बडलेजा एशियाटिका. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत ती रानात आपोआप वाढते. पानं अरुंद, तुरे बारीक, लांब आणि बरेचदा खाली झुकलेले, वास पहिलीपेक्षा तीव्र. फुलात तो केशरी ठिपका नसतो, सगळं पांढरं. फुलण्याचा हंगाम थंडीच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत.

फरक महत्त्वाचा अशासाठी की डेव्हिडीला तुरे येतात ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीच्या टोकाला, आणि एशियाटिकाला येतात ते आधीच्या हंगामात वाढून जून झालेल्या फांदीवर. एकीची छाटणी दुसरीला केली तर झाड मरत नाही, पण त्या वर्षीची फुलं आपणच कापून टाकतो. रोपाच्या चिठ्ठीवर ‘व्हेरिअबिलिस’ लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, ते डेव्हिडीचंच जुनं नाव आहे. फ्रांशे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1887 मध्ये आर्माँ डेव्हिड या धर्मप्रचारक निसर्गअभ्यासकांच्या नावावरून दिलेलं नाव आधीचं ठरलं, म्हणून पुढे तेच टिकलं.

तुम्ही ‘शेंड्याला, उन्हाळ्यात, गच्च तुरा’ असं लिहिलंय, म्हणून तुमचं झाड डेव्हिडी धरून पुढचं सांगते. तरी केशरी ठिपका एकदा स्वतः पाहून खात्री करा.

हवामानाचंही थोडं सांगायला हवं. डेव्हिडीला थंडी चांगली सोसते. साधारण उणे 15 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत वरचा भाग जळाला तरी बुंध्यातून ती पुन्हा फुटते. तिला सोसत नाही ते बाराही महिने दमट-उष्ण हवा आणि मुळाशी साचलेलं पाणी. थंडी जवळपास पडतच नाही आणि पाऊस महिनोन्‌महिने चालतो अशा ठिकाणी ती दोन-तीन वर्षं चांगली दिसते, मग हळूहळू खंगते. तिथे मी एशियाटिकाच सुचवते. उलट जिथे पाणी गोठतं तिथे एशियाटिका उघड्यावर टिकवणं कठीण, तिला कुंडीत लावून थंडीत आडोशाला घ्यावं लागतं.

आता ऊन. बडलेजाला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं, आठ मिळालं तर आणखी चांगलं. तीन तासांच्या उन्हात झाड जगतं, वाढतंसुद्धा, पण उजेडाच्या शोधात लांब होत जातं. फांदीच्या दोन पेरांमधलं अंतर मोजून पाहा. भरपूर उन्हातल्या फांदीवर पानांच्या जोड्या दाट असतात, सावलीतल्या फांदीवर त्या लांब-लांब जातात आणि फांदी बारीक, लवचिक राहते. अशी फांदी टोकाला एखादा तुरा देते आणि त्याच्या भाराने वाकते. तुमच्या झाडाची उंची ही जोमाची खूण नाही, उन्हाच्या ओढीची आहे.

म्हणून जमत असेल तर जागाच बदला. दोन-तीन वर्षांचं झाड हलवता येतं. हलवण्याची वेळ म्हणजे कडक थंडी ओसरली पण नवे फुटवे अजून निघालेले नाहीत ती. जिथे थंडी नाही तिथे उन्हाचा ताप कमी असलेले ढगाळ दिवस निवडा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. झाड आधी गुडघ्याच्या उंचीवर छाटा, म्हणजे कमी मुळांवर पानांचा भार पडणार नाही. बुंध्यापासून 30 ते 35 सेंटिमीटर सोडून गोल खणा आणि मातीसकट मुळांचा गोळा उचला. बडलेजाची बरीच मुळं उथळ आणि आडवी पसरलेली असतात, त्यामुळे खोल खणण्यापेक्षा रुंद खणणं कामाला येतं. नव्या जागी पहिले पंधरा दिवस पानं मलूल दिसतील, तेवढ्यावरून पाण्याचा मारा करू नका. मुळं तुटलेल्या झाडाला पाणी ओढता येत नाही आणि जास्तीच्या ओलीत उरलेली मुळंही कुजतात.

जागा बदलणं शक्य नसेल तर भिंतीशेजारची दुसरी झाडं विरळ करून एखाद-दोन तास ऊन वाढतं का ते पाहा. चार-पाच तासांत फुलं ‘बरी’ येतील, चित्रातल्यासारखी नाही.

नवी जागा ठरवण्याआधी निचरा तपासा. 30 सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं तर जागा चालेल. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर ती जमीन चिबड आहे, तिथे बडलेजा लावू नका. तरीही तिथेच लावायचा असेल तर 25 ते 30 सेंटिमीटर उंच आणि मीटरभर रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी-विटांचे तुकडे घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. चिकण जमिनीत त्याचा उपयोग होत नाही: आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, मग खड्डाच हौद होतो. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7.5 च्या आसपास असला की पुरे. चुनखडीच्या जमिनीतही हे झाड बरं येतं, आम्लधर्मी जमिनीत मात्र रेंगाळतं.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद करा, पण खोली गोळ्याएवढीच ठेवा. बुंध्याचा जो भाग आधी मातीच्या वर होता तो वरच राहिला पाहिजे. ‘व्हाइट प्रोफ्युजन’सारखा वाण अडीच-तीन मीटर वाढतो आणि तेवढाच पसरतो, त्याला चारी बाजूंनी दीड-दोन मीटर मोकळं ठेवा. दोन झाडांमधून हवा खेळत राहिली तर पुढचे निम्मे रोग टळतात.

खताबद्दल वर एका वाक्यात सांगितलं, त्यामागचं कारण असं. नत्र जास्त झालं की फांदी वाढत राहते, पानं मोठी आणि गडद हिरवी होतात, आणि तुरा धरायचा तो लांबणीवर पडतो. अशी कोवळी, रसरशीत वाढ मावा आणि कोळी या रस शोषणाऱ्या किडींनाही आवडते. जमिनीतल्या बडलेजाला मी वर्षातून एकदाच खत देते: छाटणीनंतर बुंध्यापासून वीतभर सोडून चांगल्या कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा तीन-चार सेंटिमीटरचा थर. बस्स. महिन्याचं खत आजपासून बंद करा. मातीत साठलेलं नत्र संपायला एखादा हंगाम जाईल, तेवढा धीर धरावा लागेल.

पाण्याचा हिशोबही सोपा आहे. पहिलं वर्षभर वरची चार-पाच सेंटिमीटर माती सुकली की मुळांपर्यंत पोचेल असं पाणी द्यायचं, मग पुन्हा सुकू द्यायची. मुळं धरल्यावर झाड ताण सोसतं. रोज थोडंथोडं पाणी ही सवय या झाडाला घातक आहे, मुळं वरच राहतात आणि कायम ओली राहतात.

आता छाटणी. गेल्या वर्षी तुम्ही फुलं संपल्यावर झाड निम्म्यावर छाटलंत. हेतू बरोबर होता, वेळ आणि उंची चुकली. छाटल्याजागी खालच्या डोळ्यांतून फुटवे येतात. कमरेच्या उंचीवर छाटलं तर नवी फांदी तिथून सुरू होते, वर आणखी मीटर-दीड मीटर वाढते आणि मग टोकाला तुरा देते. म्हणजे फुलं डोक्याच्या वर आणि खाली उघडा लाकडी सापळा. दर वर्षी असंच केलं की झाड दर वर्षी थोडं वर सरकतं. तुमच्या फोटोतल्या कमरेखालच्या बोडक्या फांद्या त्यातूनच आल्या आहेत.

डेव्हिडीची मुख्य छाटणी थंडी ओसरताना, डोळे फुगायला लागले की करायची. फांदीवर समोरासमोर जोडीने हिरवट, मुगाएवढे डोळे दिसू लागले की ती वेळ आली असं समजा. थंडीच्या सुरुवातीला छाटू नका. फांदीचा गाभा मऊ असतो, कापलेल्या टोकातून पाणी आत मुरतं आणि पुढच्या थंडीत फांदी खालपर्यंत मरत जाते. शिवाय छाटल्यावर मध्येच ऊब पडली तर कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या थंडीत करपतात. त्या दिवसांत वाऱ्याने झाड हलत असेल तर वरचा एक तृतीयांश भाग काढून भार हलका करा, खरी छाटणी पुढे ढकला.

पद्धत अशी. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवी, अंगठ्याहून जाड फांदीला छोटी करवत. आधी मेलेल्या फांद्या मुळापासून काढा. नखाने साल खरवडून पाहायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेलेली. मग पेन्सिलीहून बारीक फांद्या पूर्ण काढा. उरलेल्यांपैकी चांगल्या पाच-सहा जाड फांद्यांचा सांगाडा ठेवा आणि त्या जमिनीपासून 30 ते 60 सेंटिमीटरवर कापा, प्रत्येकीवर डोळ्यांच्या दोन किंवा तीन जोड्या ठेवून. काप जोडीच्या वर अर्धा सेंटिमीटर घ्यायचा. जास्त वर घेतला तर उरलेला खुंट वाळतो आणि कूज तिथून खाली उतरते, अगदी डोळ्याला टेकून घेतला तर डोळाच सुकतो.

पहिल्यांदा अशी छाटणी करताना हात अडखळतो, कारण माणसाएवढ्या झाडाचे गुडघाभर खुंट उरतात. पण निरोगी डेव्हिडी एका हंगामात पुन्हा दीड-दोन मीटर वाढते, आणि या वेळी प्रत्येक नव्या फांदीच्या टोकाला तुरा असतो.

तुमच्या बाबतीत मात्र एक अपवाद करा. कमरेखाली डोळेच दिसत नसतील, नुसतं जुनं करडं लाकूड असेल, तर सगळ्या फांद्या एकाच वर्षी खाली आणू नका. फार जुन्या लाकडातून फुटवे येतीलच अशी खात्री नसते. यंदा निम्म्या फांद्या 40 सेंटिमीटरवर आणा, उरलेल्या निम्म्या एक तृतीयांश कमी करा. खालून फुटवे आले की पुढच्या वर्षी उरलेल्या खाली आणा. बारमाही उष्ण हवेत थंडीची खूणच नसते, तिथे फुलांचा बहर सरल्यावर झाड जरा विसावतं, तेव्हा हीच छाटणी थोड्या हलक्या हाताने करावी.

ठिपका पाहिल्यावर तुमचं झाड एशियाटिका निघालं तर हे सगळं उलटं करा. वसंतात फुलं संपताक्षणी छाटा, फुलून गेलेल्या फांद्या एक तृतीयांश ते निम्म्या कमी करा, आणि पुढे वर्षभर कात्री लावू नका. उरलेल्या महिन्यांत जे वाढेल त्यावरच पुढची फुलं येणार असतात.

तपकिरी तुऱ्याकडे वळते. एक ताजा तुरा हातात घ्या. पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या त्या तुऱ्यात शेकडो फुलं असतात, प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर नळीचं आणि चार पाकळ्यांचं. ती एकदम उमलत नाहीत. आधी खालचा घेर उमलतो, मग त्यावरचा, असं करत उमलणं टोकाकडे सरकतं. टोकाला अजून हिरव्या कळ्या असतात तेव्हा तळाची फुलं संपलेली असतात. म्हणजे एकाच तुऱ्यात खाली तपकिरी, मध्ये शुभ्र आणि वर हिरवं. जांभळ्या वाणातही हेच घडतं, पण गडद रंगात ते लपतं. पांढऱ्यावर प्रत्येक सुकलेलं फूल डाग होऊन दिसतं. पांढरा बडलेजा निवडला की ही निगा सोबत येते. ज्यांना आठवड्याला दहा मिनिटंही देता येणार नाहीत त्यांना मी जांभळा लावायला सांगते.

पण तुमचा तुरा आठवड्यात पूर्ण तपकिरी होतोय, हे मात्र नेहमीपेक्षा लवकर आहे. दोन शक्यता आहेत. वरून फवाऱ्याने पाणी देत असाल तर ओल्या पाकळ्या एकमेकींना चिकटून कुजतात. पाणी बुंध्याशी द्या, तेही सकाळी. किंवा भर उन्हाळ्यात भिंतीची झळ लागत असेल, तर नाजूक पाकळ्या करपतात. यातलं कोणतं ते डाग सांगेल: कुजलेली फुलं मऊ, लगदा झालेली असतात, करपलेली कोरडी आणि कुरकुरीत.

तुरा दोन तृतीयांश तपकिरी झाला की काढा, टोकाच्या कळ्यांसाठी थांबू नका. कुठे कापायचं ते नीट पाहा. तुऱ्याच्या देठावरून खाली आलं की पानांची पहिली जोडी लागते. तिच्या बगलेत दोन बारीक फुटवे, बरेचदा चिमुकल्या कळ्यांसकट, तयार दिसतात. काप त्यांच्या जरा वर घ्या. दोन-तीन आठवड्यांत त्या दोन फुटव्यांचे दोन लहान तुरे होतात. नुसता तुरा मोडून देठ ठेवला तरी ते येतात, पण वाळका देठ मध्ये उभा राहतो. हे काम नेमाने केलं तर बहर दोन-तीन महिने चालू राहतो.

इथवरचं तुमच्यासाठी क्रमाने: खत आत्ताच बंद. पाणी बुंध्याशी. सुकलेले तुरे दर आठवड्याला काढायचे. एका फुलात ठिपका पाहून जात पक्की करायची. थंडी ओसरली की खालची छाटणी, आणि जागा बदलायची असेल तर त्याच वेळी. फुलांचा खरा फरक पुढच्या हंगामात दिसेल.

आता बिया. त्यांतून पांढरी फुलं येतीलच असं नाही, बहुधा येणारच नाहीत. परागीभवन फुलपाखरं आणि मधमाश्या करतात, आसपासच्या जांभळ्या झाडांचे पराग सहज येतात, आणि नाव असलेले वाण बियांतून तंतोतंत उतरत नाहीत. अशी रोपं बहुतेक जांभळट छटांची निघतात, आणि ते कळायला वर्ष-दीड वर्ष जातं. तुम्हाला नुसती हौस म्हणून पेरायच्या असतील तर भुसभुशीत मिश्रणावर पसरा, वर माती टाकू नका. बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. 20 ते 25 अंशांच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

पांढराच हवा असेल तर छाट कलम करा. बडलेजाचं कलम नवख्यालाही साधतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तुरा न धरलेल्या, खाली किंचित जून झालेल्या फांदीचा 10 ते 12 सेंटिमीटरचा तुकडा सकाळी लवकर घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरच्या दोन जोड्या ठेवा आणि पानं मोठी असतील तर आडवी अर्धी कापा. कोवळा शेंडा खुडा. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट अशा ओलसर मिश्रणात तुकडा पाच सेंटिमीटर खोचा. रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं द्रव्य) लावलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. वरून तळ कापलेली पारदर्शक बाटली झाका, पानं बाटलीला टेकायला नकोत, आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत हलकं ओढून पाहिलं तर कलम अडतं, म्हणजे मुळं आली.

कलम फसण्याची कारणं ठरलेली आहेत. तळ काळा पडला तर मिश्रण फार ओलं होतं. दोन दिवसांत पानं गळाली तर तुकडा खोचण्याआधीच सुकला होता. पानं हिरवी, नवे फुटवेही, पण मुळं नाहीत, असं झालं तर तुकडा फार कोवळा होता. सहा कलमं लावा, दोन-तीन नक्की मिळतील. रोप 15 सेंटिमीटरचं झालं की पुन्हा शेंडा खुडा, नाहीतर एकच लांब काठी वाढते.

वसंतातल्या छाटणीच्या जून काड्याही वाया घालवू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, 20 ते 25 सेंटिमीटरच्या काड्या दोन तृतीयांश मातीत खोचून ठेवल्या तर हंगामभरात मुळं धरतात.

जमवलेल्या बियांबद्दल एक काळजीची गोष्ट आहे. एका तुऱ्यातून हजारो बिया पडतात आणि वाऱ्याने लांब जातात. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या कडेला आणि पडक्या भिंतींच्या फटींतून डेव्हिडी उगवलेली दिसते. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर तिने नदीकाठच्या मूळ झाडांची जागा घेतली आहे. ओरेगॉन राज्यात तिची गणना उपद्रवी तणात होते, आणि विक्रीची परवानगी दोन टक्क्यांहून कमी रुजणारं बी देणाऱ्या वाणांना आहे. त्यामुळे सुकलेले तुरे वेळेवर काढणं हे नुसतं शोभेचं काम नाही. बोंडं सुकून फुटण्याआधी तुरा कापलेला असावा, आणि बोंडं वाळलेली असतील तर तो कंपोस्टच्या ढिगात न टाकता बंद पिशवीत घालावा. तुमची बाग ओढ्याकाठी किंवा रानालगत असेल तर जवळजवळ वांझ असलेला ठेंगणा पांढरा वाण घ्या, ‘आइस चिप’ त्यातलाच. उंची जेमतेम पाऊण मीटर, कुंडीतही छान बसतो.

कुंडीत लावायचं असेल तर ठेंगणाच वाण निवडा. 40 ते 45 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल कुंडी, चार भाग माती, तीन भाग कंपोस्ट, तीन भाग जाड वाळू. कुंडीतलं झाड पाण्याला लवकर येतं आणि खतही धुऊन जातं, म्हणून तिथे हंगामात दोनदा मूठभर गांडूळखत चालेल. दर दोन वर्षांनी बाहेर काढून मुळांचा बाहेरचा थर कापा आणि नव्या मिश्रणात बसवा.

रोगकिडींत कोरड्या उन्हाळ्यातला लाल कोळी सर्वांत त्रासदायक. पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली की पानांच्या मागून जोरात पाण्याचा मारा द्या, तीन दिवसांनी पुन्हा, आणखी तीन दिवसांनी पुन्हा. हे काम सकाळी करा आणि तुरे वाचवा. गार-दमट हवेत पानावर शिरांमध्ये पिवळे कोनाकृती डाग आणि खाली करडी बुरशी आली तर तो केवडा नावाचा रोग. त्याला औषधापेक्षा फांद्या विरळ करणं आणि गळलेली पानं उचलणं जास्त लागू पडतं. पाणी असूनही झाड दुपारी मान टाकत असेल आणि खुंटलं असेल तर एक मूळ उकरून पाहा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी, आहेत, त्या जागी पुन्हा बडलेजा लावू नका.

आंतरप्रवाही कीटकनाशक मात्र या झाडाला कधीच देऊ नका, मुळाशीही नाही. ते रसातून मधापर्यंत पोचतं आणि जी फुलपाखरं यावीत म्हणून आपण झाड लावलं त्यांच्याच पोटात जातं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की फुलपाखरं येतात पण टिकत नाहीत. बडलेजा त्यांना फक्त मध देतो. अंडी घालायला प्रत्येक जातीला आपलं ठरलेलं झाड लागतं: लिंबाच्या कुळातली पानं शेपटीवाल्या फुलपाखरांच्या अनेक जातींच्या अळ्यांना, रुईच्या कुळातली टायगर फुलपाखरांच्या अळ्यांना. असं एखादं झाड बडलेजापासून चार-पाच मीटरवर लावा आणि त्याची पानं अळ्यांनी खाल्ली तरी खाऊ द्या. पांढरे तुरे संध्याकाळच्या अंधुक उजेडातही दिसतात, त्यामुळे दिवेलागणीनंतर थोडा वेळ झाडाजवळ उभे राहिलात तर पतंगही मधाला आलेले दिसतील.